महिनाभरात पाच पुस्तकं, पाचही मोठ्याने वाचलेली

सायंतारा

एरवी माझी महिन्याला आठ-नऊ पुस्तकं होतात. या महिन्यात पाचच झाली, आणि तरी इतकं वाचन मी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं असं वाटतंय. पाचही पुस्तकं मी मोठ्याने वाचली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. ऐकायला आई होती.

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. यात कडेचं दिसत राहतं आणि मधलंच पुसलं जातं. त्यामुळे ती घरात नीट वावरते, दारात कुणी आलंय हे तिला कळतं, पण कोण आलंय ते बोलल्याशिवाय कळत नाही. आणि पानावरच्या ज्या शब्दाकडे बघावं, नेमका तोच शब्द नाहीसा होतो. वर्षभर तिने भिंगावर निभावलं. मग एका संध्याकाळी हातातलं पुस्तक मिटलं, माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "तू वाच, मी ऐकते. पण गाळायचं नाही काही."

आपण किती गाळतो हे मला त्यानंतर कळत गेलं. डोळ्यांनी वाचताना वर्णनावरून नजर घसरते, नावांची लांबलचक जंत्री आली की आपण थेट पुढच्या परिच्छेदावर असतो, नको वाटणारा प्रसंग तर अर्ध्या मिनिटात उरकतो. मोठ्याने वाचताना यातलं काहीच करता येत नाही. तासाला वीस-बावीस पानं, त्यापुढे घसा ऐकत नाही.

पहिलं पुस्तक तिनेच सांगितलं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं आणि हसवणारं पुस्तक म्हणून ते माझ्या डोक्यात बसलं होतं. सोवळ्याने झपाटलेले वडील, लहरी नवरा आणि त्यांच्यात सापडलेली ही ठसकेबाज बाई. या वेळी पहिली गोष्ट कळली ती जिभेला. लक्ष्मीबाईंची वाक्यं श्वासाच्या मापाची आहेत. कितीही वेळ वाचा, दम लागत नाही. त्यांना शाळा अशी मिळालीच नाही, अक्षरं लग्नानंतर नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी, शिकवली. पण भाषा त्याआधीच तोंडात तयार झालेली होती, आणि पुढे कागदावर आली तरी ती बोलतच राहिली.

१८९५च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरात लहान मुलगा. त्यापुढची पाच वर्षं, म्हणजे आधी ताटातूट, मग एकत्र येऊनही वेगळं स्वयंपाकपाणी, मग जातिभेद माणसांनीच केला हे त्यांचं त्यांना उमगणं आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेणं. हा सगळा भाग मी पूर्वी कसा वाचला असेन याचं मला आता नवल वाटतं. आपल्यावर कोसळलेलं त्या ज्या साध्या वाक्यात सांगतात, त्याच साध्या वाक्यात त्या घरातली गंमतही सांगतात. आवाज चढत नाही. वाचणाऱ्याचा मात्र अडकतो. दोनदा मला थांबावं लागलं.

आईचं आणि माझं इथे भांडण झालं. तिचा टिळकांवर राग. "फुलामुलांचा कवी असेल, पण आपल्या बाईला विचारावंसं वाटलं नाही?" मी म्हटलं, लक्ष्मीबाई स्वतः तर इतक्या रागावलेल्या दिसत नाहीत. आई म्हणाली, "रागावल्यात. नीट ऐक." आणि तिने मला मागची चार पानं परत वाचायला लावली. खरंच, राग आहे. तो टिळकांच्या वेंधळेपणाच्या गोष्टींमध्ये ठेवलेला आहे, जिथे मी नुसती हसून पुढे गेले होते. ज्यावर हसायचं ते आणि ज्याने पोळलं ते, दोन्ही एकाच माणसाचं. हे आईला ऐकून कळलं, मला तीनदा वाचून कळलं नव्हतं.

आणखी एक. पुस्तक अपुरं असतानाच १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या आणि शेवटचा भाग मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. मला हे माहीत होतं, आईला मी मुद्दाम सांगितलं नाही. तिथे पोचल्यावर थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता ती बोलत नाहीये." टिळकांचं अर्धं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं होतं, आणि त्यांचं अर्धं राहिलेलं मुलाने. मग आम्ही बराच वेळ त्यावर बोलत बसलो.

दुसरं 'माझा प्रवास', विष्णुभट गोडसे वरसईकरांचं. इकडे ओढले गेलो तेही लक्ष्मीबाई टिळकांमुळेच. त्यांच्या आजोबांना सत्तावन्नच्या बंडात फाशी झाली होती, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं मूळ तिथे आहे. आई म्हणाली, मग तेच वर्ष घे.

गोडसे भटजी कोकणातून निघाले ते घरचं कर्ज फेडायला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढ्याच आशेवर, बरोबर रामभटकाका. वाटेत महूला शिपायांकडून कळलं की आता उठाव होणार. आणि हा साधा भिक्षुक माणूस त्या वणव्यातून चालत गेला. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते आत होते. गोळे पडताना, शहर लुटलं जाताना, रस्त्यात माणसं मारली जाताना ते तिथे होते. कमावलेलं पुनःपुन्हा लुटलं गेलं. शेवटी घरी परतताना त्यांच्या खांद्यावर आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड तेवढी होती.

हे पुस्तक वाचून दाखवायला अवघड गेलं. वाक्यं लांब, एकाला एक जोडलेली. पहिले दोन दिवस मी अडखळत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की हे बसून वाचायचं नाही, चालीत वाचायचं आहे, पुढे काय झालं ते सांगण्याच्या ओघात. मग लागली लय. लढाई लढणाऱ्यांची वर्णनं आपण खूप वाचलेली असतात, इथे लढाई न लढणारा माणूस आहे. त्याला भूक लागते, भीती वाटते, काकांची काळजी वाटते. झाशीची लूट सांगताना तो तिथल्या नावाजलेल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाल्याचं सांगून हळहळतो. माणसं मरत असताना पोथ्यांसाठी जीव तुटणं योग्य की अयोग्य, यावर मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तो दोन्हीसाठी रडतोय, तू एकच का निवडायला लावतेस?"

आणि तो विहिरीवरचा प्रसंग. झाशी सोडून निघालेली राणी, पठाणी वेश, अंगभर धूळ, तहानलेली. गोडसे पाणी काढून द्यायला पुढे होतात, ती त्यांना थांबवते आणि स्वतः पोहरा ओढते. मग आपली गरज ती किती होती, अर्ध्या शेर तांदळाची, ते सांगते. शाळेपासून ऐकलेला प्रसंग आहे. पण आधीची सगळी पायपीट आवाजात भरून घेतल्यावर तो आला तेव्हा आम्ही दोघी गप्प झालो.

'बनगरवाडी'वर फार लिहीत नाही, सगळ्यांनी वाचलेली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची वाक्यं इतकी छोटी की कानाला ती पावलं वाटतात. वाडीकडे निघालेला तरुण मास्तर पायी चाललेला आहे आणि वाक्यंही चालतायत. १९५५ सालचं पुस्तक दोन दिवसांत झालं. दुष्काळात वाडी ओस पडत जाते तिथे आईने डोळे मिटून घेतले होते, मला वाटलं झोपली. झोपली नव्हती.

'रणांगण' मला आईसमोर वाचायला संकोच वाटत होता. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यातली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. थोड्या दिवसांचं प्रेम, देशच नसलेल्या मुलीचं. विश्राम बेडेकरांनी १९३९ साली हे लिहिलं, युरोपात पुढे काय होणार हे पुरतं कुणालाच ठाऊक नसताना. आईने एकोणिसाव्या वर्षी वाचलं होतं आणि तेव्हा तिला चक्रधर आवडला होता. या वेळी तिला तो भित्रा वाटला. मला तो भित्रा वाटत नाही, आधीच्या जखमेने बधिर झालेला वाटतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही. शेवट सांगत नाही, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा.

पाचवं बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. याच्याबद्दल लिहिण्यासाठीच खरं तर हा धागा काढला.

बेबीताईंनी हे घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि कित्येक वर्षं लपवून ठेवलं. दुकानात माल बांधायला येणाऱ्या रद्दीतले कागद त्या वाचत, तिथून वाचनाची ओढ. आधी 'स्त्री' मासिकातून आलं, १९८६ साली पुस्तक झालं. नाव 'आमुचं' आहे आणि आत सगळीकडे 'आम्ही' आहे. आत्मचरित्र म्हणावं तर त्या स्वतःबद्दल थोडं आणि आपल्या महार समाजातल्या बायकांबद्दल पुष्कळ सांगतात. बाळंतिणीची भूक, सासुरवास, अंगात येणं, देवाला पोरं सोडणं.

मी जन्माने त्या 'आम्ही'मध्ये नाही. डोळ्यांनी वाचताना हे जाणवत नाही, तो 'आम्ही' लेखिकेचा असतो, आपण बाजूला असतो. पण मोठ्याने वाचताना ते माझ्या तोंडून येऊ लागलं. "आम्ही" म्हणताना मला प्रत्येक वेळी वाटे की हा शब्द उच्चारायचा मला काय अधिकार. आणि जिथे शिवाशिव करणाऱ्या घरांचा उल्लेख येतो, तिथली माणसं माझी. माझ्या पणजीचं घर त्यात बसतं. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहणारी एक बाई होती. मला तिचं नाव माहीत नाही. कधी विचारलंच नाही." त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही.

पुस्तक संपवलं आम्ही. पण नीट वाचलं का, हे मला ठरवता येत नाहीये.

तुम्ही या महिन्यात काय वाचलंत? आणि कुणाला तरी वाचून दाखवलं असेल तर त्याबद्दल आवर्जून लिहा.

दिवेलागण

सायंतारा, लेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने.

माझ्याकडे ऐकणारा दहा वर्षांचा आहे. महिनाभर रात्री 'पाडस' चालू होतं. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग'चा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. फ्लॉरिडाच्या रानातलं कुटुंब, एकुलता एक ज्योडी आणि त्याने सांभाळलेलं हरणाचं पिल्लू. पटवर्धनांच्या मराठीचं सामर्थ्य असं की मुलाला ही परक्या मुलखातली गोष्ट आहे हे आठवडाभर सुचलंच नाही. अस्वलाच्या पाठलागात तो पांघरूण फेकून उठून बसायचा.

शेवट मला ठाऊक होता. पाडस मोठं होतं, उभं पीक खातं, आणि घर जगवायचं तर काय करावं लागणार हे ज्योडीच्या आधी वाचणाऱ्याला कळायला लागतं. शेवटची पन्नास पानं उरली तेव्हा बदलून सांगावं असं फार वाटलं. हरीण रानात निघून गेलं, एवढंच म्हणायचं होतं. त्याला कळलं नसतं. पण तुमच्या आईंनी तुम्हाला घातली तशीच अट त्याने घातली होती, "जे लिहिलंय तेच वाच". वाचलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "ज्योडी परत घरी आला तेव्हा बाबांनी त्याला काय सांगितलं ते पान कुठलं?" ते पान आता त्याला जवळजवळ पाठ आहे. मी योग्य केलं असं आज वाटतं, पण त्या दोन दिवसांत वाटत नव्हतं.

मोडीवाचक

गोडसे भटजींविषयी थोडी भर. आपण बहुतेकांनी जे 'माझा प्रवास' वाचलंय ते चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलेलं. गोडसे यांनी प्रवासानंतर पंचवीसेक वर्षांनी, १८८३च्या सुमारास, आठवून मोडीत लिहून काढलं होतं. छापताना वैद्यांनी भाषा सुधारली, काही ठिकाणी काटछाट केली, काही ठिकाणी बदललं. इंग्रजी राज्य होतं, विषय बंडाचा, त्यांचीही अडचण समजून घेतली पाहिजे. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आवृत्ती काढली. ती मिळाली तर जरूर वाचा. सायंतारा म्हणतात ती चाल, ते एकाला एक जोडलेलं बोलणं, मूळ संहितेत आणखी ठळक आहे. मोडीत विरामचिन्हं नसतातच, शब्द तोडून लिहीत नाहीत. लिहिणाऱ्याने सगळा भार वाचणाऱ्याच्या आवाजावर टाकलेला असतो. बखरी, पत्रं, पोवाडे, सगळं कुणीतरी एक वाचणार आणि बाकीचे ऐकणार हे धरून लिहिलेलं. मी महिनाभर जुनी पत्रं वाचतोय आणि मोठ्याने म्हटल्याशिवाय मला एकही ओळ फोडता येत नाही.

पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलंय हे मात्र लक्षात ठेवायला हवं. तारखा आणि आकडे त्यांच्याकडून घेऊ नयेत. रस्ते, तहान, भीती आणि कोण कसं वागलं हे घ्यावं.

आडवाट

मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळीच पुस्तकं मोठ्याने वाचावीत अशी नसतात.

या महिन्यात मी जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया' पुन्हा वाचला. महिन्याभरात एवढा एकच. त्यातली कथा मी कुणाला वाचून दाखवू शकणार नाही आणि कुणाकडून ऐकूही शकणार नाही. जी. एं.च्या एका वाक्यात उपमा येते, ती मनात उमलायला वेळ लागतो, तोवर आवाज पुढे गेलेला असतो. मला मागे जावं लागतं, पान उघडं ठेवून खिडकीबाहेर बघावं लागतं. एका परिच्छेदावर मी रात्रभर थांबलोय. आवाजाला एवढं थांबता येत नाही.

दुसरं, वाचून दाखवणारा आपला अर्थ ऐकणाऱ्याच्या गळी उतरवतो. कुठे जोर द्यायचा, कुठे हळू व्हायचं, हे ठरवताना अर्धं समीक्षण होऊन जातं. 'रणांगण'मधल्या चक्रधरविषयी तुमचं आणि आईंचं एकमत झालं नाही हे वाचून मला बरं वाटलं. नाहीतर आवाज तुमचा होता, मत त्यांचं कसं राहिलं असतं?

सायंतारा

आडवाट, दुसरा मुद्दा अगदी खरा आहे आणि तो आईनेच मला पहिल्या आठवड्यात सांगितला होता. मी 'स्मृतिचित्रे' थोडं रंगवून वाचत होते. टिळकांचं बोलणं आलं की आवाज बदलायचा, वगैरे. तिने थांबवलं. "टिळक कसे बोलायचे ते माझं मी ऐकते. तू सपाट वाच." तेव्हापासून सपाटच वाचते. सपाट वाचणं रंगवून वाचण्यापेक्षा कठीण आहे, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. विरामचिन्ह पाळायचं आणि स्वतः मध्ये यायचं नाही.

पहिल्या मुद्द्यावर अजून विचार करतेय. आईला थांबावंसं वाटलं तर ती हात वर करते, आणि मग आम्ही थांबतो, कधी दहा मिनिटंसुद्धा. पण ते माझ्यादेखत थांबणं असतं, तुम्ही म्हणता तसं एकट्याचं नाही. तिच्याकडून ते एकटेपण गेलंय. हे मला तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत सुचलं नव्हतं.

कानोसा

मी जन्मापासून पाहू शकत नाही. माझं सगळं वाचन कानांनी आणि बोटांनी झालंय, म्हणून आडवाट यांना नम्रपणे सांगतो, ऐकणाऱ्यालाही मागे जाता येतं आणि थांबताही येतं. साधन आपल्या हातात असलं पाहिजे, एवढंच. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, मी वाक्य, शब्द, अक्षर, हवं तसं मागे घेतो. ब्रेलमध्ये तर बोट हवं तितका वेळ एका शब्दावर ठेवता येतं. तुमच्या जी. एं.च्या कथा मी ब्रेलमध्ये एकट्याने वाचल्या आहेत आणि खिडकीबाहेर बघण्याऐवजी बोट उचलून बसलो आहे. फरक असेल तर कुणाच्या तरी आवाजावर अवलंबून असणं आणि नसणं यात आहे.

सायंतारा, आईंसाठी एक-दोन गोष्टी सुचवतो. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ब्रेल शिकणं जड जातं, बोटांची संवेदना तोवर तशी राहत नाही, त्यामुळे तो आग्रह नको. पण ऐकण्याचं यंत्र किंवा फोन असा लावून द्या की थांबवणं आणि मागे नेणं त्यांना एका बोटाने जमेल. दिवसातलं थोडं वाचन त्यांचं एकट्याचं होऊ दे. तुम्ही वाचता तेव्हा पुस्तक सुरू करताना ते केवढं आहे, किती प्रकरणं आहेत ते सांगा, आणि अधूनमधून आपण कुठवर आलो तेही. डोळस वाचकाला उरलेल्या पानांची जाडी हाताला कळत असते, गोष्ट संपत आली हे त्याला न सांगता कळतं. ऐकणाऱ्याला शेवट अचानक येऊन आदळतो. तळटीपा कधी वाचायच्या तेही त्यांना विचारून ठरवा, त्या मध्येच घुसल्या की वाक्य हातचं जातं. मुखपृष्ठावर काय आहे ते सांगता का? मला ते नेहमी जाणून घ्यायचं असतं आणि कुणी आपणहून सांगत नाही.

या महिन्यात मी 'ऋतुचक्र' पुन्हा ऐकलं. दुर्गा भागवतांनी महिन्यागणिक निसर्ग लिहिलाय, पहिला लेख 'वसंतहृदय चैत्र'. मला विचारतात की रंगांनी भरलेल्या पुस्तकात तुला काय मिळतं. रंग मला शब्दांचे मिळतात. पण दुर्गाबाईंनी वास, स्पर्श आणि आवाजही भरपूर लिहिलेत, ते वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटतात, कारण ते रंगांकडे बघत असतात.

रेघोटी

कानोसा, पानांची जाडी हे आजवर कधी मनातच आलं नव्हतं.

माझा महिना उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये गेला. १९६०ची कादंबरी. मी ती दोनदा सुरू करून सोडली होती, कारण संवाद वऱ्हाडीत आणि मला ती बोली येत नाही. प्रत्येक ओळीला अडत होते. हा धागा वाचायच्या आधीच, केवळ चिडून, एक संवाद मोठ्याने म्हणून पाहिला आणि तो कळला. डोळ्यांना अनोळखी असलेलं रूप कानाला ओळखीचं निघालं. मग सगळे संवाद तसेच वाचले.

कौतिक ही बाई मी विसरू शकत नाही. नवरा कामाला टेकत नाही, पुढे त्याला महारोग होतो, आणि ती एकटी संसार ओढते, मुलाला शिकवायची जिद्द धरते. तिला कुठेही मोठं करून दाखवलेलं नाही. ती चिडते, टोचून बोलते, चुकते. शेळके तिची कीव करत नाहीत आणि तिचा जयजयकारही करत नाहीत. तिचं बोलणं प्रमाण मराठीत लिहिलं असतं तर ती केविलवाणी वाटली असती असं मला राहून राहून वाटतं. तिच्या बोलीतच तिचा ताठा आहे.

वारूळ

'जिणं आमुचं'बद्दल मला लिहायचंय. इथे बहुधा मीच त्या 'आम्ही'मधली आहे.

सायंतारा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत आणि तुमच्या आईंनी नाव विचारलं नव्हतं हे कबूल केलं, त्याची मला कदर आहे. पण तुमच्या लिहिण्यात पुस्तकाचा अर्धाच भाग आला. भूक, सासुरवास, अंगात येणं. जवळजवळ प्रत्येक वाचक इथेच थांबतो आणि त्याला अपराधी वाटतं. बेबीताई तिथे थांबलेल्या नाहीत. बाबासाहेबांचं भाषण ऐकून बायका घरी आल्या आणि पोरांना शाळेत घालायचंच, मेलेल्या ढोराचं मांस सोडायचंच, देवाला पोर वाहायचं नाहीच, असं ठरवून भांडल्या. हा भाग किती आनंदाने लिहिलाय! ते वाचताना आवाज आपोआप वर जातो. आणि शेवटाकडे त्या आपल्याच शिकून मोठ्या झालेल्या माणसांना जाब विचारतात, की तुम्ही समाजाला विसरलात. घरातल्या पुरुषांनी बायकांवर केलेला जुलूमही त्यांनी झाकलेला नाही. घरच्यांपासून लपवून का लिहावं लागलं, त्याचं उत्तर पुस्तकातच आहे.

माझ्या आजीला मी हे वाचून दाखवलं होतं, काही वर्षांपूर्वी. तिला अक्षरओळख नव्हती. ती दर दोन पानांनी मला थांबवून सांगायची, असं नव्हतं, आमच्यात तसं करत, किंवा हे अगदी खरं, माझ्या चुलतसासूचं असंच झालं. एका पुस्तकाशेजारी दुसरं पुस्तक तयार होत होतं आणि मी ते लिहून घेतलं नाही. तिला सर्वांत जास्त हसू कुठे आलं सांगू? बायका मिळून कुणाची तरी नक्कल करतात, चिडवाचिडवी करतात तिथे. त्या पुस्तकात पुष्कळ हसू आहे. तुम्ही दुःखाच्या तयारीने बसलात तर ते ऐकू येणार नाही.

'आम्ही' म्हणायचा अधिकार आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, तुम्ही म्हणत नाही आहात, बेबीताई म्हणतायत. तुमचं काम अक्षर न गाळता ते पोचवायचं. तुमच्या आई म्हणाल्या तसं, सपाट.

आडवाट

वारूळ, तुमच्या आजी थांबवून जे सांगायच्या ते आता जेवढं आठवतं तेवढं तरी लिहून काढा, आवृत्तीच्या समासातच. गोडसे भटजींनी पंचवीस वर्षांनी लिहिलं तर तुम्हाला काही वर्षांनी का नाही लिहिता येणार?

कानोसा, तुमचं पटलं. मी आवाज म्हटलं तिथे परावलंबन म्हणायला हवं होतं.

वारूळ

कालपासून सुरुवात केली आहे. सात गोष्टी आठवल्या. आठवीचं एकच वाक्य आठवतंय, पुढचं नाही.

सायंतारा

सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले, गाळले नाहीत.

कानोसा, फोन तसा लावून दिलाय. तिने पहिल्या दिवशी दुपारी दार लोटून घेतलं आणि तासाभराने बाहेर आली. काय ऐकलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मुखपृष्ठं आता सांगते. पाचही पुस्तकांची मागाहून सांगितली.

वारूळ, तुमचा प्रतिसाद आईने दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाली, "तिचं बरोबर आहे. मी ऐकताना माझाच विचार करत होते." मीही तेच करत होते. बाबासाहेबांच्या भाषणानंतरची पानं मी वाचली होती, सगळी, एकही ओळ न गाळता. पण आदल्या दिवशीचा मागच्या दाराचा प्रसंग डोक्यात होता आणि माझा आवाज खाली गेलेलाच राहिला. शब्द पोचले असतील, आनंद पोचला नाही.

उद्यापासून 'जिणं आमुचं' पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतोय, दिवसाला दहाच पानं. हसू कुठे आलं ते इथे कळवते.